ओपन साइट एअर रायफल: काल मध्यावर लावलेला ग्रुप आज दोन रिंग बाजूला का जातो?

तक्रार ठरलेली असते. शनिवारी साइट (रायफलीवरची नेम धरायची खूण) लावली, शेवटचे शॉट मध्यावर बसले, रायफल कव्हरमध्ये गेली. मंगळवारी बाहेर काढली तर ग्रुप (पाठोपाठच्या शॉटच्या भोकांचा पुंजका) तेवढ्याच आकाराचा, पण खाली डावीकडे. स्क्रू फिरवून मध्यावर आणला, तर गुरुवारी तो वर उजवीकडे. असं दोन-तीन आठवडे चाललं की बॅकसाइटचा (डोळ्याकडच्या, खाचेच्या साइटचा) स्क्रू ढिला पडतो, मूळ सेटिंग काय होतं ते कुणालाच आठवत नाही आणि रायफल ‘खराब’ ठरते.

बहुतेक वेळा साइट हललेलीच नसते. स्टॉकची (लाकडी दस्त्याची) पकड, उजेड, पेलेट (छर्रा), वॉशर (पिस्टनवरची हवा अडवणारी चकती), गाल टेकायची जागा यांतलं काहीतरी बदललेलं असतं आणि त्याची भरपाई आपण साइटवर करत बसतो. मग ते कारण आपोआप पूर्ववत झालं की भरपाई उलटी पडते. म्हणून खालच्या क्रमात बॅकसाइटला हात सगळ्यात शेवटी लागतो. हे सगळं नळी मोडून (सांध्यात खाली वाकवून) भरायच्या स्प्रिंगच्या ४.५ मिमी रायफलसाठी आहे. पीसीपीबद्दल (आधीच दाबाने भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफलीबद्दल) शेवटी थोडंसं.

आधी कागद वाचा

एअर रायफलच्या १० मीटरच्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर २.५ मिमी असतं आणि काळा गोल ३०.५ मिमीचा. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर तेच अंतर ८ मिमी आणि काळा गोल ५९.५ मिमी. ओपन साइटला कोणता कागद लागणार ते स्पर्धेच्या परिपत्रकात बघा आणि सरावालाही तोच लावा. ‘दोन रिंग खाली’ म्हणजे एका कागदावर ५ मिमी, दुसऱ्यावर १६ मिमी. तक्रार मिलिमीटरमध्येच सांगायची, नाहीतर पुढची सगळी गणितं चुकतात.

तपासणी उभ्याने करू नका. टेबलावर सोलापुरी चादर चार-सहा घड्या घालून ठेवा, तिच्यावर डावा तळहात आणि तळहातावर रायफल. लाकूड थेट टेबलावर, विटेवर किंवा वाळूच्या घट्ट पिशवीवर टेकवायचं नाही. स्प्रिंग सुटल्यावर पेलेट नळीबाहेर पडायच्या आधीच रायफल मागे-पुढे हलते. खाली कडक वस्तू असली की ती उसळते आणि ग्रुप सहसा वर जातो. तळहात दर वेळी एकाच जागी हवा. लाकडावर पेन्सिलची खूण करून ठेवा. हात पाच सेंटिमीटर पुढे सरकला तरी काही रायफली ग्रुपची जागा बदलतात.

आता एका कागदावर पाच शॉट, मध्ये कशालाही हात न लावता. असे तीन कागद. आकार बघा:

- ग्रुप लहान, गोल, पण सरकलेला: उजेड, गालाची जागा, पेलेटचा नवा डबा, आणि मग साइट.
- उभा लांबट: पेलेटचा वेग कमी-जास्त होतोय (वॉशर, तेल), किंवा गाल वर-खाली टेकतोय.
- आडवा लांबट: बाजूचा उजेड, रायफल कलणे, बॅकसाइटचं पान आडवं हलणे.
- कुठेही विखुरलेला: स्टॉकचे स्क्रू, नळीचा सांधा, किंवा वाईट पेलेट.

विखुरलेल्या ग्रुपवर साइट लावायला जाऊ नये. ग्रुप ४० मिमीचा असताना ४ मिमीची दुरुस्ती करून काय हाती लागणार? आणि एका शॉटवरून क्लिक (साइटच्या स्क्रूचे टप्पे) फिरवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

स्क्रू आणि सांधा

बहुतेक रायफलींना स्टॉकच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन असतात. स्प्रिंगच्या धक्क्याने ते सैल होतातच. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूडही थोडं आकसतं, त्यामुळे मार्च ते मे हा प्रकार जास्त. दर सरावाआधी बरोबर बसणाऱ्या पेचकसाने, मनगटाचा जोर न लावता, बोटांनी जेवढे बसतील तेवढे घट्ट करा. आवळून लाकूड चेपलं तर पुढच्या वेळी आणखी आवळावं लागतं. स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली की तो फिरला का ते एका नजरेत कळतं.

मग सांधा. रायफल रिकामी, स्प्रिंग न चढवलेली, नळी बंद. स्टॉक मांडीत धरून नळीचं टोक डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. खटखट जाणवली तर पिव्हटचा बोल्ट सैल आहे. नळी मोडून सोडली की ती स्वतःच्या वजनाने धाडकन खाली पडू नये, मधेच कुठेतरी थांबावी. एवढा घट्टपणा पुरे. ओपन साइटची एक सोय अशी की फोरसाइट (नळीच्या टोकाकडचं उभं पान) आणि बॅकसाइट दोन्ही नळीवरच असतील तर सांध्यातला थोडा खेळ साइटसकट हलतो आणि चूक कमी दिसते. बॅकसाइट मागे सिलिंडरवर बसवलेली असेल तर ही सवलत नाही. सांध्यातला एक दशांश मिलिमीटर सरळ कागदावर उमटतो.

वॉशर: उन्हाळ्यातला खरा आरोपी

पेलेटचा वेग १७० मीटर प्रतिसेकंद असेल तर १० मीटरवर तो साधारण १७ मिमी खाली येतो. वेग १६० झाला तर १९ मिमी. म्हणजे वेगात १० मीटरची घट आणि ग्रुप २ मिमी खाली, रायफलच्या कागदावर जवळजवळ एक रिंग. साइट जागच्या जागी असते.

पिस्टनला चामड्याचा वॉशर असेल तर तो मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांत, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या रायफलीत कोरडा पडतो. चढवताना करकर आवाज, फायरचा आवाज बोदा, शॉट हळूहळू खाली. उपाय: नळीच्या मागे सिलिंडरला जे हवेचं भोक आहे त्यात सिलिकॉन ऑइलचे दोन थेंब, रायफल रात्रभर नळी वर करून उभी. दुसऱ्या दिवशी पहिले दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल घालू नका. दाबाखाली ते पेटतं, धूर निघतो, आवाज मोठा येतो, वेग एकदम वाढून शॉट वर जातात आणि स्प्रिंगला मार बसतो. सिलिकॉनसुद्धा दोनाचे दहा थेंब केले की पुढचे काही दिवस ग्रुप उभाच येणार. वॉशर सिंथेटिक असेल तर वरचेवर तेलाची गरजच नसते.

सांध्यावरची सील तपासायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी जोडावर ठेवा आणि पेलेट भरून, नेहमीच्या सुरक्षित दिशेने फायर करा. पट्टी उडाली तर हवा तिथून गळतेय. रिकामी रायफल फायर करून हे बघायचं नाही. हवेचा अडसर नसला की पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर आपटतो.

उजेड

सकाळी सात आणि दुपारी चार या दोन वेळांचे कागद वेगवेगळे ठेवले तर निम्मं कोडं इथेच सुटतं.

फोरसाइटवर एका बाजूने ऊन पडलं की तिची ती कड चमकते. चमकलेली कड मागच्या पांढऱ्या कागदात मिसळून दिसेनाशी झाली, तर डोळा उरलेल्या काळ्या भागालाच पूर्ण फोरसाइट समजतो आणि ग्रुप उजेडाच्या बाजूला सरकतो. उलट कड इतकी लखलखीत असेल की नजर तिच्यावरच जाते, तर ग्रुप उजेडापासून दूर जातो. कोणत्या नेमबाजाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही, पण दोन्हींवर उपाय एकच: चमक घालवणे.

यासाठी कापरासारखं दुसरं काही नाही. सुटी होणारी फोरसाइट काढून घ्या, स्पिरिटने पुसून तेल घालवा, पक्कडीत धरा. कापराची एक वडी बशीत पेटवून ज्योतीच्या टोकावरच्या धुरात दोन-तीन सेकंद फिरवा. मखमलीसारखी मऊ, बिनचमक काजळी धरते. बॅकसाइटच्या खाचेची डोळ्याकडची बाजूही अशीच करा. बोट लागलं की काजळी जाते, म्हणून बसवून झाल्यावर करता आलं तर उत्तम. पण प्लॅस्टिकचं पान किंवा हूड (फोरसाइटवरचं झाकण) असेल तर ज्योत जवळ नेऊ नका आणि पेलेट भरलेल्या रायफलीपाशी हे काम मुळीच नको. मॅट काळा स्प्रे चालतो, फक्त दुसरा-तिसरा हात मारला की कडा गोल होतात. मार्करची शाई ऊन पडलं की जांभळट चमकते, ती टाळा.

सोलापुरात व्हरांड्यात किंवा उघड्या शेडमध्ये सराव आणि स्पर्धा पुण्याला बालेवाडीच्या बंदिस्त रेंजवर, असं असेल तर साइट तिथेच पुन्हा बघायची. सरावाच्या शॉटची वेळ त्यासाठीच असते. ‘हवा बदलली म्हणून शॉट गेले’ हे मात्र १० मीटरला कुणी सांगू नये. सोलापूर आणि पुण्याच्या उंचीतल्या फरकाने पेलेटचं काही बिघडत नाही, बिघडवतो तो दिव्यांचा उजेड. घरच्या रेंजवर टार्गेटवर किमान १५०० लक्स मिळतील असे दिवे लावा. मोबाइलमधल्या अॅपने अंदाज येतो. दिवे टार्गेटवर असावेत, फायर करणाऱ्याच्या डोळ्यात किंवा फोरसाइटवर नकोत.

फोरसाइट किती रुंद, खाच किती मोठी

अमुक रायफलीला जी आली तीच फोरसाइट वापरायची, ही चाल फार दिसते. पान बदलता येत असेल तर टार्गेटप्रमाणे निवडा.

डोळ्यापासून फोरसाइट ८५० मिमीवर असेल तर १ मिमी रुंदीचं पान १० मीटरवर साधारण १२ मिमी झाकतं. म्हणजे २ मिमीचं पान २३-२४ मिमी, आणि ३०.५ मिमीच्या काळ्या गोलाएवढं दिसायला २.६ मिमी लागेल. रायफलच्या कागदावर गोलाच्या खाली नेम धरणाऱ्यांना २ ते २.५ मिमी बरं पडतं: गोलापेक्षा किंचित अरुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं उरतंय का ते दिसतं. पिस्तूलच्या मोठ्या गोलाला ३ मिमीसुद्धा जड होत नाही. एक मिमीची सुईसारखी फोरसाइट ‘अचूक’ वाटते, पण कमी उजेडात ती विरघळते आणि नजर थकते. टोक सपाट आणि चौकोनी हवं. मणी किंवा त्रिकोणी टोक असेल तर वरची उंची दर वेळी वेगळी भासते, मग ग्रुप उभा येतो.

बॅकसाइटच्या खाचेत फोरसाइटच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत, प्रत्येकी फोरसाइटच्या दिसणाऱ्या रुंदीच्या साधारण निम्म्या. खाच डोळ्यापासून ४०० मिमीवर आणि फोरसाइट २ मिमीची, तर खाच १.९ मिमी हवी. तयार खाच १.५ मिमीची असली की पट्ट्या बारीक दिसतात. दुपारच्या उजेडात चालतं, ढगाळ दिवशी त्या बंद होतात. चपट्या कानशीने दोन्ही बाजू सारख्या घासाव्या लागतात, व्हर्निअर लावून. हात बसलेला नसेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमचे सुटे भाग करणाऱ्या एखाद्या कारागिराला मापाचं रेखाटन द्या, फक्त ते पान घेऊन जा, रायफल नको.

पट्ट्या समान असण्याला एवढं महत्त्व का, तेही आकड्यात बघा. दोन साइटमधलं अंतर ४५० मिमी धरलं तर खाचेत फोरसाइट ०.१ मिमी बाजूला गेली की कागदावर २.२ मिमी फरक पडतो. उलट पट्ट्या समान ठेवून सगळी रायफलच गोलाखाली २ मिमी डोलली तर शॉट फक्त २ मिमी हलतो. डोलणं सगळ्यांचंच असतं. पोरं त्या डोलण्याला घाबरून टार्गेटकडे बघत बसतात आणि खाचेतला दशांश मिलिमीटर निसटतो. नजर फोरसाइटच्या वरच्या कडेवर, गोल किंचित धूसर, खाच त्याहून धूसर: असंच दिसलं पाहिजे.

गोल आणि फोरसाइट यांच्यात पांढरी फट ठेवा, चिकटवू नका. काळ्याला काळं टेकलं की कड कुठे संपते ते कळत नाही आणि नेम नकळत दोन-चार मिमी वर चढतो. फटीची जाडी दर वेळी सारखी असली की झालं.

डोळा आणि चष्मा

चाळिशीनंतर फोरसाइट धूसर दिसत असेल तर साइटशी खेळून उपयोग नाही. लांबच्या नंबरात साधारण अधिक ०.५० ते ०.७५ मिळवलेली एका डोळ्याची काच बहुतेकांना पुरते. चष्मेवाल्याला फोरसाइट डोळ्यापासून किती अंतरावर आहे ते मोजून सांगा. विद्यार्थ्यांचा प्रश्न निराळा: मान कलली की ते काचेच्या कोपऱ्यातून बघतात. तिथे प्रतिमा सरकते आणि डोकं रोज थोडं वेगळं टेकलं की ग्रुपही रोज वेगळा. चष्मा नाकावर वर चढवून, काचेच्या मध्यातून नेम दिसेल असं डोकं सरळ ठेवा. गाल जिथे टेकतो तिथे स्टॉकवर कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला की जागा अंधारातही सापडते. स्पर्धेत ती चालते का ते आधी विचारा.

दुसरा डोळा घट्ट मिटू नका. समोर पांढरट कागदाचा तुकडा येईल अशी सोय करा.

कलणे

रायफल उजवीकडे कलली की शॉट उजवीकडे आणि किंचित खाली. वरच्या १७ मिमीच्या हिशेबाने ५ अंशांना दीड मिमी, १० अंशांना जवळपास ३ मिमी, म्हणजे एक रिंगहून जास्त. टार्गेटशेजारी गवंड्याचा ओळंबा टांगा आणि फोरसाइटची उभी कड दोरीला समांतर आहे का ते दर शॉटला बघा. मुळात फोरसाइटच नळीवर तिरकी बसली असेल तर रायफल सरळ धरूनही हाच दोष दिसतो. रायफल लेव्हल बाटली लावून स्थिर करा आणि ओळंब्याशी ताडून बघा.

आता साइट

इथवर सगळं ठीक असेल तरच स्क्रू. बॅकसाइट ज्या दिशेला हलवाल त्या दिशेला ग्रुप जातो, फोरसाइटचं उलट: पान उंच केलं की शॉट खाली. किती हलवायचं ते असं:

कागदावरचा फरक × दोन साइटमधलं अंतर ÷ १०,००० (सगळं मिलिमीटरमध्ये)

ग्रुप १० मिमी डावीकडे आणि अंतर ४५० मिमी असेल तर बॅकसाइट ०.४५ मिमी उजवीकडे.

एका क्लिकला किती, हे पुस्तिकेवर सोडू नका. पाच शॉट मारा, आठ क्लिक वर जा, त्याच नेमावर आणखी पाच मारा, दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर मोजून आठाने भागा. मग आठ क्लिक परत खाली या आणि तिसरे पाच मारा. तिसरा ग्रुप पहिल्यावर बसला नाही तर स्क्रूत खेळ आहे, आणि रोज ग्रुप सरकण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. स्वस्त बॅकसाइटमध्ये पान एका पातळ स्प्रिंगपट्टीने स्क्रूवर दाबलेलं असतं. खाली येताना पान लगेच बसत नाही, दहा-वीस शॉटच्या धक्क्यांनी हळूहळू बसतं. म्हणून शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने करा: तीन क्लिक खाली हवे असतील तर सहा खाली या आणि तीन वर. नंतर पान बोटाने हलकेच दाबून बघा आणि दोन शॉट फुकट घालवा. आडव्या स्क्रूलाही हेच. स्प्रिंगपट्टी लुळी पडली असेल तर पान बदलणं हाच उपाय, खाली कागदाच्या घड्या कोंबणं नव्हे.

सेटिंग पक्कं झालं की पानाची उंची आणि बाजूची जागा व्हर्निअरने मोजून पेलेटच्या डब्याच्या झाकणावर लिहा. नवा डबा, वेगळी कंपनी किंवा वेगळं वजन आलं की पुन्हा पाच शॉट मारून खात्री करा. चपट्या डोक्याचेच पेलेट घ्या, कागदावर भोक गोल पडतं आणि मोजायला सोपं जातं. घागरा (मागचा पसरट भाग) दबलेले पेलेट बाजूला काढा.

बॅकसाइट तळाला गेली तरी शॉट वर

नळी बहुधा वर वाकलेली आहे. नळी उघडी असताना ट्रिगर दाबला गेला की ती फटकन बंद होते आणि असं होतं. बोटंही जातात, म्हणून पेलेट भरताना एक हात नळीवर घट्ट हवाच. घरी नळी सरळ करायला जाऊ नका. शॉट ४० मिमी वर असतील तर फोरसाइट ४० × ४५० ÷ १०,००० म्हणजे १.८ मिमी उंच करून घ्या. शॉट उलट खाली जात असतील आणि बॅकसाइट वर संपली असेल तर फोरसाइटचं पान घासून कमी करावं लागतं. ठासणीच्या रायफलींच्या स्पर्धांत हेच करतात, पान मुद्दाम उंच ठेवून कानशीने थोडं थोडं उतरवतात. एका वेळी ०.१ मिमी, मग पाच शॉट, मग पुढचा हात. घासलेलं परत चढत नाही.

पीसीपी असेल तर

साइटचं गणित तेच, वॉशर आणि धक्क्याचे मुद्दे वगळा. ग्रुप सावकाश खाली सरकत असेल तर आधी गेज बघा. रेग्युलेटर (दाब सारखा ठेवणारा भाग) नसलेल्या रायफलीत दाब बदलला की वेग बदलतो. २५ अंशांना २०० बारवर भरलेली टाकी ५० अंशांना साधारण २१७ बारवर जाते, तेव्हा होटगी रोडला उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत रायफल ठेवू नका आणि भरताना दुपारच्या उष्म्याचा अंदाज धरून थोडं कमीच भरा.